घरच्या वर्कशॉपमध्ये छोटा गिअर कापताना

गिअर कापायचं डोक्यात आलं की नवा माणूस पहिली चौकशी कटरची करतो. कुठला घ्यावा, केवढ्याला मिळतो, चायनीज चालेल का. कटर महत्त्वाचा आहेच. पण बिघडलेला गिअर हातात घेऊन डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावून बघितला तर दोष बहुतेक वेळा ब्लँकमध्ये, म्हणजे दाते कापण्याआधीच्या गोल चकतीत, निघतो: बोअरचा (मधल्या भोकाचा) मध्य एकीकडे आणि दात्यांचा मध्य भलतीकडे. दाते दिसायला सुबक असतात, पण गिअर फिरवला की प्रत्येक फेऱ्यात एका जागी अडतो आणि त्याच्या समोरच्या जागी खुळखुळतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग कटर चालू करण्याआधीच्या तयारीवर जाणार आहे. प्रत्यक्ष दाते कापणं हे त्यामानाने कंटाळवाणं, तेच तेच काम आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू: ३० दाते, ०.५ मॉड्यूल, २० अंश प्रेशर अँगल (दात्याच्या अंगाचा तिरकेपणा), पितळ, बोअर ६ मिमी, जाडी ५ मिमी. मॉडेल इंजिन, टेबल फीड, एखादं जुनं मोजमापाचं उपकरण, अशा ठिकाणी या मापाचे गिअर लागतात. तुमच्याकडे छोटा लेथ, व्हर्टिकल मिलिंग मशीन आणि डिव्हायडिंग हेड किंवा रोटरी टेबल (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, मोजून फिरवायचं साधन) आहे असं धरतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: एकसारखे शंभर नग हवे असतील तर घरी कापू नका. भोसरी-चिंचवडला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात हॉबिंग मशीनवर ते काम पटकन आणि जास्त अचूक होतं. घरी कापायचा तो एखाद-दुसरा गिअर, जो बाजारात मिळत नाही.

आकडे आधी कागदावर

मॉड्यूल म्हणजे पिच डायमीटर (जोडीचे दाते जिथे भिडतात त्या काल्पनिक वर्तुळाचा व्यास) भागिले दाते. आपला पिच डायमीटर ३० × ०.५ म्हणजे १५ मिमी. बाहेरच्या व्यासासाठी दात्यांत दोन मिळवून मॉड्यूलने गुणायचं: ३२ × ०.५ = १६ मिमी. खाचेची पूर्ण खोली मॉड्यूलच्या २.२५ पट, म्हणजे १.१२५ मिमी. त्यामुळे खाचांच्या बुडाचा व्यास १३.७५ उरतो. हा शेवटचा आकडा लोक काढत नाहीत, पण मँड्रेल, म्हणजे ब्लँक धरायचा दांडा, बनवताना तोच लागतो. जोडीचा गिअर ६० दात्यांचा असेल तर दोन शाफ्टमधलं अंतर (३० + ६०) × ०.५ ÷ २, म्हणजे २२.५ मिमी.

तुटक्या गिअरची नक्कल करायची असेल तर उलटं जायचं. दाते मोजा, बाहेरचा व्यास मोजा, आणि व्यासाला दाते अधिक दोनने भागा. १५.९५ भागिले ३२ म्हणजे ०.४९८, तर तो ०.५ मॉड्यूल. इथे एक फसवणूक असते. इंग्लिश आणि अमेरिकन मशीनवर मॉड्यूल नसतो, डीपी असतो, म्हणजे दर इंच पिच डायमीटरमागे दाते किती. ४८ डीपीचा दाता डोळ्यांना ०.५ मॉड्यूलसारखाच दिसतो, पण त्याचा मॉड्यूल येतो ०.५२९ आणि ३० दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास १६.९३. दोघांची जोडी लावली तर फिरेल, पण गुरगुरेल आणि लवकर झिजेल. जुन्या इंग्लिश मशीनवर प्रेशर अँगलही बऱ्याचदा २० नसून साडेचौदा अंश असतो. मायफर्डच्या एमएल ७ लेथचे चेंज गिअर (आट्यांचं माप बदलायला लेथला लावायचे गिअर) २० डीपी, साडेचौदा अंशांचे आहेत. तेव्हा नक्कल करताना जोडीचा चांगला गिअर हाताशी असल्याशिवाय काम हातात घेऊ नये.

कटर

एका मॉड्यूलला आठ कटरचा संच असतो, कारण दात्याची वक्रता दात्यांच्या संख्येप्रमाणे बदलते. १२–१३, १४–१६, १७–२०, २१–२५, २६–३४, ३५–५४, ५५–१३४ आणि १३५ पासून सरळ रॅकपर्यंत (सरळ पट्टीवरचे दाते), असे ते आठ गट. आपल्याला २६–३४ चा लागेल. जोडीचा ६० दात्यांचा गिअरही कापायचा असेल तर ५५–१३४ चा आणखी एक. पूर्ण संच घ्यायची गरज नाही.

मागवताना नुसता नंबर सांगू नका. इंग्लिश पद्धतीत एक नंबर म्हणजे १३५ ते रॅक. मेट्रिक मॉड्यूल कटरमध्ये बऱ्याचदा क्रम उलटा असतो आणि एक नंबर म्हणजे १२–१३. कटरच्या अंगावर दात्यांची रेंज कोरलेली असते, तीच वाचायची. खोलीही तिथेच असते. काही कटर २.२५ पटीच्या खोलीचे, तर काही २.१६७ पटीचे असतात, म्हणून कटरवरचा आकडा आणि आपली वही यांत फरक दिसला तर कटरचं ऐकायचं. कटरचं भोक सहसा १६ किंवा २२ मिमी असतं, आर्बर (कटर बसवायचा दांडा) त्याप्रमाणे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला फिरलात तर नवे-जुने दोन्ही मिळतात. जुना घेताना भिंगातून धार बघा. अशा फॉर्म कटरला (ज्याचा आकारच खाचेचा आकार असतो) धार लावायची ती दात्याच्या पुढच्या सपाट अंगावरच. कुणी बाहेरून घासून चकचकीत केलेला असेल तर त्याचा आकार गेला, तो फुकटही नको.

कटर मिळालाच नाही, तर हायस्पीड टूल बिट घासून एकदाती फ्लाय कटर बनवता येतो. चांगल्या गिअरची खाच हाच साचा. बिट घासायचा, खाचेत धरायचा, उजेडाकडे करून भिंगातून बघायचं, कुठून उजेड येतो ते पाहून पुन्हा घासायचं. पितळेत तो उत्तम चालतो. स्टीलमध्ये एकच दाता ठोके खात कापतो, तिथे मी तो वापरत नाही.

तीस भाग पाडणे

डिव्हायडिंग हेडच्या आत सहसा ४० ला १ ची वर्म असते: हँडल चाळीस वेळा फिरवलं की जॉब एक फेरा मारतो. म्हणून प्रत्येक दात्याला ४० ÷ ३० फेरे, म्हणजे एक पूर्ण आणि एक तृतीयांश. हँडलची पिन त्याच्यामागच्या प्लेटवरच्या भोकांत अडकते, म्हणून तृतीयांशासाठी प्लेटवरचं तीनने भाग जाणारं भोकांचं वर्तुळ घ्यायचं. १८ भोकांचं घेतलं तर एक फेरा आणि सहा भोकं पुढे.

सहा भोकं पुढे म्हणजे सहा गाळे. पिन ज्या भोकात आहे ते मोजायचं नाही. सेक्टर आर्म (भोकं मोजायला प्लेटवर असलेले दोन हात) लावताना त्या दोन हातांमध्ये पिनचं भोक धरून सात भोकं दिसली पाहिजेत. या एका भोकाच्या गफलतीने जितके ब्लँक भंगारात गेले असतील तितके दुसऱ्या कशाने गेले नसतील.

रोटरी टेबल ९० ला १ चं असेल तर काम फारच सोपं: दर दात्याला बरोबर तीन फेरे, प्लेटच नको. दोन्ही नसतील तरी मार्ग आहे. लेथचा ६० दात्यांचा चेंज गिअर साध्या स्पिंडलवर बसवा आणि त्याच्या खाचेत स्प्रिंगची टोकदार पिन अडकेल असं करा. एक सोडून एक खाच घेतली की तीस भाग. मोठ्या गिअरमधली चूक छोट्या गिअरवर त्याच प्रमाणात लहान होते: ९० मिमी व्यासाच्या गिअरवर ०.०५ मिमीची चूक असली तरी आपल्या १५ मिमीच्या पिच डायमीटरवर ती ०.००८ उरते.

हल्ली वर्मला स्टेपर मोटर लावून अर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर) भाग पाडायची पद्धत आलीय. छान आहे, पण एक खोच आहे. २०० स्टेपची मोटर आणि ४० ला १ वर्म म्हणजे एका फेऱ्याला ८००० स्टेप. त्याचे ३० भाग केले की २६६.६७ येतात. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वेळी २६७ पुढे जा असं लिहिलं तर फेरा संपेपर्यंत दहा स्टेप जास्त साचतात आणि शेवटचा दाता सुमारे ०.०६ मिमी बारीक निघतो. त्याऐवजी प्रत्येक दात्याची जागा शून्यापासून नव्याने काढायची आणि मग जवळचा पूर्ण स्टेप घ्यायचा. असं केलं तर कुठल्याही दात्याची चूक ०.००३ मिमीपलीकडे जात नाही.

पद्धत कुठलीही असो, हँडल एकाच दिशेने फिरवायचं. वर्ममध्ये प्ले (ढिलेपणा) असतोच. भोक चुकून पुढे गेलं तर अर्धा फेरा मागे येऊन पुन्हा पुढून त्या भोकात यायचं. नुसतं एक भोक मागे घेतलं तर जॉब हललेलाच नसतो.

जाता जाता: मेट्रिक लीड स्क्रूच्या (आटे पाडताना टूल सरकवणाऱ्या स्क्रूच्या) लेथवर इंची आटे, किंवा इंची लेथवर मेट्रिक आटे, अचूक पाडायला १२७ दात्यांचा चेंज गिअर लागतो, कारण २५.४ म्हणजे १२७ ला ५. १२७ ही मूळ संख्या, त्यामुळे साध्या प्लेटवर तिचे भाग पडत नाहीत. पहिलाच गिअर म्हणून हा निवडू नका.

ब्लँक आणि मँड्रेल

इथे घाई करायची नाही.

पितळ फ्री कटिंग घ्या, म्हणजे भारतीय मानक आयएस ३१९ चं. भांड्यांचं पत्र्याचं पितळ चिवट असतं, दात्यांच्या कडा फाटतात. रॉडमधून १७–१८ मिमी व्यासाचा तुकडा, एका अंगाला फेसिंग, सेंटर ड्रिल, मग ५.८ चं ड्रिल, मग ६ चा रीमर. रीमर हळू फिरवायचा आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरता ठेवायचा. बाहेरचा व्यास अजून फिनिश करायचा नाही.

आता मँड्रेल. १२ मिमीचा स्टीलचा रॉड चकमध्ये धरा, त्याचं टोक ६ मिमीपर्यंत उतरवा. ६ मिमीचा हा भाग ब्लँकच्या जाडीपेक्षा थोडा कमी लांब, म्हणजे साडेचार मिमी, म्हणजे नट ब्लँकवरच आवळला जाईल. पुढे एम ५ चे आटे आणि टोकाला टेलस्टॉकसाठी छोटं सेंटर. खांदा काटकोनात आणि स्वच्छ हवा. बसणी कशी हवी? तेलाचा थेंब लावून ब्लँक बोटाने दाबला की सरकत जावा, पण बसल्यावर अंगठ्याने हलवून बघितलं तर काहीच जाणवू नये. इथे ०.०२ चा प्ले ठेवला तर दात्यांचा मध्य बोअरपासून ०.०१ सरकू शकतो, आणि डायलवर तोच दुप्पट होऊन ०.०२ दिसतो. छोट्या मॉड्यूलला हे खूप आहे.

खांद्याचा आणि पुढच्या वॉशरचा व्यास १३.७५ पेक्षा कमी हवा, नाहीतर कटर त्यांनाही खातो. आपला खांदा १२ चा आहे, वॉशरही १२ चा करा. फक्त पितळ खांद्याच्या बाहेर लोंबतं ठेवलं की मागच्या कडेला बर (कापल्यावर उरणारी धारदार किनार) जास्त येते, ती नंतर काढावी लागते.

मँड्रेल किती बाहेर हवा, हे चित्र काढून ठरवा. ५० मिमीच्या कटरची त्रिज्या २५. ब्लँकच्या मागच्या कडेपर्यंत पूर्ण खोली यायची तर कटरचा मध्य त्या कडेपर्यंत पोचला पाहिजे, आणि तेव्हा कटर चकच्या दिशेने २५ मिमी पुढे असतो. म्हणून ब्लँक आणि चकचे जबडे यांत किमान ३० मिमी मोकळे ठेवा. टेलस्टॉकच्या बाजूलाही कटरला जागा लागते. पूर्ण खोलीवर तो ब्लँकच्या साडेसात मिमी आधीच कापायला सुरुवात करतो.

मँड्रेल चकमधून न काढता ब्लँक त्यावर चढवा, नट आवळा आणि तिथेच बाहेरचा व्यास १६ ला आणा. १५.९७ चालेल, १६.०५ नको. आता बोअर आणि बाहेरचा व्यास एकाच मध्यावर आहेत, लेथचं चक कितीही आऊट मारत असलं तरी. डिव्हायडिंग हेडच्या स्पिंडलचे आटे तुमच्या लेथसारखेच असतील तर जॉबसकट अख्खं चक उचलून तिकडे लावा. यासारखं सुख नाही. नसतील तर हेडवर चार जबड्यांचं चक लावून, ब्लँकच्या बाहेरच्या अंगावर डायल टेकवून, रनआउट (एका फेऱ्यात डायलवर दिसणारा फरक) ०.०१ च्या आत येईपर्यंत जबडे कमी-जास्त करायचे. तीन जबड्यांच्या चकवर भिस्त ठेवून पुढे जाऊ नका. मग टेबल सरकवत मँड्रेलवर वरून आणि बाजूने डायल फिरवून बघा: २५ मिमीच्या प्रवासात ०.०१ पेक्षा जास्त फरक दिसला तर हेड तिरकं बसलंय, आणि खाच एका टोकाला खोल, एका टोकाला उथळ होणार.

कटर मध्यावर आणणे

व्हर्टिकल मशीनमध्ये कटर आर्बरवर आडवा बसतो आणि जॉबच्या बाजूने कापतो. म्हणून इथे मध्य म्हणजे उंची: कटरच्या जाडीचा मध्य मँड्रेलच्या मध्याच्या बरोबर समोर हवा.

मशीन बंद ठेवून कटरचा खालचा सपाट भाग मँड्रेलच्या माथ्यावर आणा, मध्ये सिगारेटच्या कागदाची पट्टी. पट्टी सरकवताना अडली की थांबा. टेबल मागे घ्या. आता स्पिंडल खाली न्यायचा तो कागदाची जाडी, मँड्रेलची निम्मी जाडी आणि कटरची निम्मी जाडी एवढा. कटर ४ मिमी जाड असला तर ०.०२ + ६ + २ = ८.०२. मँड्रेल आणि कटर दोन्ही मायक्रोमीटरने मोजलेले हवेत. खाली येतानाचा प्ले एकाच बाजूला राहील असं बघा आणि क्विल (स्पिंडलची वर-खाली होणारी नळी) लॉक करा.

या हिशेबावर मी कधीच थांबत नाही, कारण कटरचा फॉर्म त्याच्या जाडीच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. त्याच व्यासाच्या टाकाऊ तुकड्यावर ०.६ मिमी खोल एक खाच कापा. खाचेच्या दोन्ही भिंतींना मार्करची शाई लावा. तुकडा मँड्रेलवरून काढून उलटा चढवा, म्हणजे पुढचं तोंड मागे. बंद कटर हाताने खाचेत बसवून तुकडा त्याप्रमाणे फिरू द्या, नट आवळा, आणि त्याच खोलीवर पुन्हा एक कट घ्या. भिंगातून बघा. दोन्ही भिंतींवरची शाई सारखीच राहिली किंवा सारखीच पुसट झाली तर कटर मध्यावर आहे. एका भिंतीची शाई वरच्या कडेला गेली आणि समोरच्या भिंतीची बुडाशी गेली, तर तो वर किंवा खाली सरकलेला आहे. दोन-तीन शतांश हलवून पुन्हा करा. मध्य चुकलेला गिअर ओळखू येतो: सगळे दाते एकाच बाजूला झुकलेले, करवतीसारखे, आणि एका दिशेला फिरताना आवाज वेगळा, उलट दिशेला वेगळा.

कापणे

५० मिमीच्या हायस्पीड कटरला पितळेत ३०० ते ४०० आरपीएम ठीक. ईएन ८ स्टील असेल तर १३०–१६० वर या आणि तेल द्या. पितळ कोरडंच कापतं. टेबलची दिशा अशी ठेवा की कटरचे दाते जॉबला टेबलच्या चालीविरुद्ध ढकलतील. छोट्या मशीनच्या स्क्रूमध्ये प्ले असतो. दिशा उलटी ठेवली तर कटर टेबलच ओढून घेतो आणि आर्बर वाकतो. जी स्लाइड हलवायची नाही ती लॉक करा.

चष्मा घाला. हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. पितळेचा भुगा सुईसारखा असतो. तो ब्रशने झाडायचा, बोटाने नाही आणि हवेच्या फुंकरीने तर अजिबात नाही, डोळ्यांत जातो. कटर फिरत असताना जवळ चिंधी नेऊ नका.

कटर फिरता ठेवून जॉब जवळ आणा, तेल लावलेली कागदाची पट्टी ओढली जाईल तिथे कागदाची जाडी वजा करून शून्य धरा. आणि आता खोल कट घेण्याआधी एक अख्खा फेरा फक्त ओरखड्याचा: ०.०५ मिमी खोलीवर तिसाही जागी खूण करा. तिसाव्यानंतर एकतिसावा कट पहिल्या ओरखड्यावर तंतोतंत बसला पाहिजे. ओरखडे मोजा. एकोणतीस किंवा एकतीस निघाले, किंवा शेवटचा गाळा अरुंद दिसला, तर नुकसान काही नाही. ब्लँक एक लाइट कट घेऊन टाकाऊमध्ये ठेवा, मध्य काढायला कामी येईल.

मग १.०० मिमी खोलीवर सगळे दाते. प्रत्येक कटनंतर आधी टेबल पूर्ण मागे, मग पिन उचलून फेरा आणि सहा भोकं, मग सेक्टर आर्म पुढच्या जागी, मग स्पिंडलचा लॉक, मग पुढचा कट. हा क्रम मोडायचा नाही. फोन आला तर उचलू नका. घेतलाच तर पिन भोकात आहे आणि आर्म पुढे सरकवलाय की नाही, हे कागदावर लिहून मगच उठा.

मोजणे

ब्लँक मँड्रेलवरच ठेवा. ०.९ मिमीच्या दोन ड्रिलचे मागचे दांडे समोरासमोरच्या खाचांत ठेवा, वरून रबर बँड लावा आणि मायक्रोमीटरने बाहेरून बाहेर मोजा. ३० ही सम संख्या असल्यामुळे खाचा बरोबर समोरासमोर येतात; पहिल्या गिअरला सम संख्या निवडण्याचं हेही एक कारण. आपल्या गिअरला पूर्ण खोलीवर, बॅकलॅश (जोडीच्या दात्यांमधला मोकळेपणा) न धरता, हे माप १६.३३ यायला हवं. १.०० खोलीवर ते १६.५३ च्या आसपास असेल. जोडी मोकळी फिरायला थोडा बॅकलॅश हवा, म्हणून मी १६.२८ ते १६.३० ला थांबतो.

किती आणखी कापायचं ते असं काढा: कटर ०.०१ आत गेला की हे माप सुमारे ०.०१७ ने कमी होतं. समजा १६.५३ आलंय आणि १६.२९ हवंय, फरक ०.२४, तर आणखी साधारण ०.१४ आत. एकदम जाऊ नका. ०.१० घ्या, दोन खाचा कापा, त्यांच्या समोरच्या दोन कापा, पुन्हा मोजा.

दांड्यांचा व्यास मात्र आधी मायक्रोमीटरने बघा. ड्रिलचा दांडा ०.९० ऐवजी ०.८९ निघाला तर वरचं माप ०.०३५ ने कमी येतं, आणि तुम्ही दाते जाड ठेवून थांबाल.

फिनिश फेरा झाल्यावर तीन-चार वेगवेगळ्या जागी मोजा. माप सगळीकडे सारखं आलं तर भाग नीट पडले आणि खोली सारखी गेली.

बर काढायला पितळी तारांचा ब्रश आणि बारीक कानस पुरे. पॉलिश पेपर किंवा लॅपिंग पेस्ट वापरू नका. त्यातले कण पितळेत रुतून बसतात आणि गिअर स्वतः झिजण्याऐवजी समोरच्या स्टीलच्या पिनियनला (जोडीतल्या छोट्या गिअरला) घासत राहतो.

जोडी फिरवून बघणे

एका सपाट पट्टीवर दोन ६ मिमीच्या पिना २२.५३ अंतरावर बसवा. आपल्या ३० दात्यांच्या गिअरला ६० चा जोडीदार आहे असं धरून. दोन्ही गिअर चढवा आणि बोटाने सावकाश फिरवा. छोट्या गिअरच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा जड लागत असेल तर छोटा गिअर आऊट आहे. त्याच्या दोन फेऱ्यांत एकदाच जड लागत असेल तर दोष मोठ्यात. प्रत्येक दात्याला टकटक जाणवत असेल तर बर राहिलीय, किंवा भलत्या रेंजचा कटर वापरलाय. एकाच ठिकाणी एक झटका बसत असेल तर तो दाता मार्करने खुणावून भिंगाखाली बघा. बहुतेक वेळा खाचेत पितळेचा कण अडकलेला असतो.

शाफ्टवर बसवताना शेवटची एक काळजी. ग्रब स्क्रू (गिअर शाफ्टवर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की तो गिअरला एका बाजूला ढकलतो, आणि बोअरमध्ये जो काही प्ले असेल तो सगळा मध्याच्या चुकीत जमा होतो. ६ मिमीच्या शाफ्टवर बोअर ६.०३ असेल तर मध्य ०.०१५ सरकतो आणि डायलवर ०.०३ रनआउट दिसतो. मँड्रेलवर जी बसणी ठेवली तीच शाफ्टवर ठेवा. काढ-घाल करायची नसेल तर स्क्रूऐवजी रिटेनिंग कंपाऊंड (शाफ्ट आणि गिअर चिकटवणारा द्रव) लावा. शाफ्ट आणि बोअर आधी ॲसिटोनने पुसा, थेंब लावून गिअर फिरवत सरकवा, आणि रात्रभर हात लावू नका.